मराठीत लिहून घर चालतं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सातबारा, आठ-अ, फेरफार (जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद), वारस नोंद, वाटणी अशा जमिनीच्या कागदांवर मराठीत लिहिते. मी सातारा जिल्ह्यातली. आजोबांच्या नावावरची जमीन वडील आणि काकांच्या नावावर करताना जे हेलपाटे झाले, त्यांची टिपणं मी एका वहीत ठेवली होती. ती वही आधी ब्लॉग झाली आणि काही वर्षांनी धंदा झाली. वाचकांची पत्रं येतात त्यांत निम्मे प्रश्न जमिनीचे असतात आणि निम्मे "ताई, याच्यावर तुमचं भागतं का?" असे. हे पान त्या दुसऱ्या निम्म्यांसाठी आहे.

खरं सांगा, ब्लॉगवर घर चालतं का?

नुसत्या ब्लॉगवर चालत नाही. ब्लॉगमुळे चालतं. बाजारपेठेतल्या दुकानाची पाटी कुणी विकत घेत नाही, पण पाटी नसेल तर दुकानात कुणी शिरतही नाही. मराठीत लिहिणाऱ्या बहुतेकांचा ब्लॉग ही अशी पाटी असते, आणि गल्ला कुठे ठेवायचा हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं.

जाहिरातींतून किती मिळतात?

गूगलची ॲडसेन्स ही जाहिरात-सेवा २००३ मध्ये सुरू झाली आणि ती मराठी मजकूर स्वीकारते. तुमच्या पानावरची जागा दर वेळी लिलावात निघते आणि जो जास्त बोली लावेल त्याची जाहिरात लागते. मराठी वाचकासाठी बोली लावणारे थोडे, त्यामुळे भाव पडेल. विषयावरही बरंच अवलंबून असतं. कर्ज, विमा, गुंतवणूक यांना चांगली बोली लागते. कवितेला जवळपास काहीच नाही.

एक कागदी हिशेब मांडू. हजार वेळा पान उघडलं की पन्नास रुपये मिळतात असं धरा. महिन्याला पन्नास हजार वेळा पानं उघडली तर अडीच हजार रुपये झाले. तीस हजार हवे असतील तर सहा लाख वेळा उघडायला हवीत. एकट्याने लिहिलेल्या मराठी ब्लॉगला महिन्यामागून महिने सहा लाख मिळवणं म्हणजे काय, हे करून बघितलेल्यालाच कळतं. तुमचा दर पन्नास नसेल, कमी किंवा जास्त असेल. तुमचा आकडा घालून गणित पुन्हा करा, पण नोकरीचा राजीनामा टाइप करायच्या आधी करा.

परदेशातल्या वाचकामागे जास्त पैसे मिळतात. माझ्याकडे अमेरिकेतून, दुबईतून येणारे वाचक आहेत. गावाकडच्या जमिनीत त्यांचा हिस्सा असतो आणि इथल्या भावाला कुलमुखत्यारपत्र कसं द्यायचं हे त्यांना हवं असतं. संख्येने ते थोडे आहेत, पण जाहिरातीच्या पैशात त्यांचा वाटा संख्येच्या मानाने मोठा पडतो.

व्यवहाराच्या दोन गोष्टी. खात्यात दहा डॉलर जमले की पत्ता पडताळण्यासाठी पोस्टाने पिन येतो, आणि शंभर डॉलर जमेपर्यंत पैसे बँकेत येत नाहीत. पहिले शंभर व्हायला वर्ष लागलं तर लाजू नका. स्वतःच्या जाहिरातीवर स्वतः क्लिक करू नका, आणि "आमच्या गटात सगळे एकमेकांच्या जाहिरातींवर क्लिक करतात" असं कुणी सांगितलं तर त्या गटातून बाहेर पडा. खातं बंद होतं आणि साठलेले पैसेही जातात.

दिवाळीच्या सुमारास दर चढतात आणि जानेवारीत उतरतात. यात नवल नाही. १९०९ मध्ये का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी मजकुराला जाहिरातदार याच दिवसांत आठवतो.

"उत्पन्नाचे अनेक मार्ग हवेत" असं सगळे सांगतात. म्हणजे नेमकं किती आणि कोणते?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून सविस्तर लिहिते.

आपल्याकडे याला फार जुना शब्द आहे: जोडधंदा. शेतकऱ्याच्या दावणीला दोन म्हशी असतात, परड्यात कोंबड्या असतात. पण विदर्भातला शेतकरी कपाशीत तूर लावतो ते नीट बघा. तुरीसाठी वेगळं रान नांगरत नाही. त्याच वावरात, ठरावीक ओळींनंतर एक ओळ तुरीची. मशागत एकच. कपाशीवर संकट आलं तरी तूर थोडंफार तारते. याला आंतरपीक म्हणतात, आणि ऑनलाइन कमाईत मी हा एकच नियम पाळते: नवं पीक त्याच वावरात यायला हवं.

लोक नेमकं उलटं करतात. सकाळी पाककृतींचा ब्लॉग, दुपारी शेअर बाजाराचं चॅनेल, संध्याकाळी टी-शर्टची छपाई, रात्री भाषांतर. ही चार पिकं नाहीत, चार गावांतली चार रानं आहेत आणि बैलजोडी एकच आहे. मीही हे केलेलं आहे. ब्लॉगच्या दुसऱ्या वर्षी मी मोबाइलच्या परीक्षणांची वेगळी साइट काढली. आठ महिने लिहिलं, आणि त्या आठ महिन्यांत जमिनीच्या ब्लॉगवर फक्त तीन लेख टाकले. मोबाइलचे लेख तीन महिन्यांत शिळे होतात आणि फेरफाराचा लेख वर्षानुवर्षं वाचला जातो, हे शिकायला आठ महिने गेले.

माझ्या वावरात आज काय उभं आहे ते सांगते, मोठ्यापासून लहानाकडे. पहिलं, अर्जांचे नमुने. वारस नोंदीचा अर्ज, वाटपाचा अर्ज, नोंदीवर हरकत घेण्याचा अर्ज, प्रत्येकी एकोणपन्नास रुपये. लेख वाचून माणसाला समजतं काय करायचं ते, पण कागदावर पहिली ओळ लिहिताना हात अडखळतो. तो अडखळलेला हात हीच माझी बाजारपेठ. दुसरं, महिन्यातून एक शनिवारी ऑनलाइन कार्यशाळा, "तुमचा स्वतःचा सातबारा घेऊन बसा" अशी. तिसऱ्या नंबरावर जाहिराती. चौथं, नियतकालिकांसाठी लेखन. मानधन उशिरा येतं, पण येतं. पाचवं यूट्यूब, जे अजून रांगतंय.

या पाचही गोष्टींना कच्चा माल एकच लागतो: महसूल अधिनियम, नव्या अधिसूचना आणि वाचकांचे प्रश्न. एक दुपार अभ्यासात घातली की ती पाच ठिकाणी उगवते.

एक मार्ग मी मुद्दाम बंद ठेवला आहे. "सल्ल्याचे पैसे घ्या ना" असं खूप जण म्हणतात. मी वकील नाही, माझ्याकडे सनद नाही, म्हणून एखाद्याच्या प्रकरणात पैसे घेऊन कायदेशीर सल्ला देत नाही. वकिलाकडे पाठवते, आणि पाठवल्याचं कमिशनही घेत नाही. वकिलांना अशी दलाली देण्याची मुभाच नाही. तुमच्या विषयातही अशी एखादी रेघ असेल. आरोग्यावर लिहिणाऱ्याला ती आहे, गुंतवणुकीवर लिहिणाऱ्याला तर आहेच. तिथे सेबीची, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेची, नोंदणी नसताना शेअरचे सल्ले विकणं अंगाशी येतं.

विषय कोणता निवडू?

ज्यावर लोक तुम्हाला आत्ताही फोन करून विचारतात तो. लग्नकार्यात कोपऱ्यात गाठून विचारतात तो.

खर्च किती येतो? ब्लॉगर की वर्डप्रेस?

ब्लॉगर ही गूगलची ब्लॉग-सेवा फुकट आहे, सुरुवात तिथे करा. स्वतःचं डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, मात्र पहिल्या दिवसापासून घ्या. डॉट इन किंवा डॉट कॉमला वर्षाला साधारण हजार रुपये धरा. पुढे वर्डप्रेसवर गेलात तर होस्टिंगचे, म्हणजे साइट ठेवायच्या जागेच्या भाड्याचे, काही हजार वाढतील. पहिल्या वर्षाच्या ऑफरचा दर बघून हुरळू नका, नूतनीकरणाचा दर बघा.

लिहायचं युनिकोडमध्येच. जुन्या छपाईच्या फॉन्टमधले लेख चिकटवाल तर वाचकाला खडे दिसतील आणि शोधयंत्राला काहीच दिसणार नाही. पानासाठी 'मुक्त' (Mukta) या नावाचा मोफत फॉन्ट मोबाइलवर छान वाचता येतो.

यूट्यूब करू का? लोक आता वाचत कुठे?

वाचतात. सातबाऱ्यावरचं नाव चुकलंय आणि उद्या कार्यालयात जायचंय अशा माणसाला वीस मिनिटांचा व्हिडिओ नको असतो. पण पोळी कशी फुगते हे मात्र बघावंच लागतं.

अटी अशा. एक हजार सदस्य (सबस्क्रायबर), आणि त्याबरोबर बारा महिन्यांत चार हजार तासांचं प्रेक्षण किंवा नव्वद दिवसांत शॉर्ट्सची, म्हणजे छोट्या उभ्या व्हिडिओंची, एक कोटी प्रेक्षणं (व्ह्यूज) झाली की जाहिरातींतला वाटा मिळतो. लांब व्हिडिओंवर निर्मात्याला ५५ टक्के, शॉर्ट्सवर ४५. पाचशे सदस्यांवर त्याआधीची एक पायरी आहे, पण तिथे जाहिरातीचे पैसे नाहीत, प्रेक्षकांनी पैसे भरून घेतलेल्या सदस्यत्वासारखं उत्पन्न आहे.

मराठीत यश कसं दिसतं ते बघायचं असेल तर मधुरा बाचल बघा. २००९ पासून त्या पाककृती दाखवतायत. नगर जिल्ह्यातल्या सारोळा कासार गावच्या सुमन धामणे यांचं 'आपली आजी' २०२० मध्ये नातवाच्या मदतीने सुरू झालं, आणि त्याच वर्षी चॅनेल हॅक होऊन काही दिवस हातातून गेलंही होतं. सुदैवाने परत मिळालं. दुहेरी पडताळणी (पासवर्डशिवाय मोबाइलवरचा कोडही मागणारी) आज लावा, हा प्रश्न वाचून झाल्या झाल्या.

अफिलिएट म्हणजे काय? त्यात जास्त पैसे आहेत ना?

तुमच्या दुव्यावरून कुणी खरेदी केली तर दुकान तुम्हाला कमिशन देतं. ॲमेझॉनचा कार्यक्रम सगळ्यांना ठाऊक आहे: दुव्यावर टिचकी मारल्यापासून चोवीस तासांतली खरेदी धरतात, आणि पहिल्या १८० दिवसांत किमान तीन विक्री झाल्या नाहीत तर खातं बंद होतं. इंग्रजीत यावर मोठे संसार उभे राहिलेत. मराठीत वस्तू महाग असेल आणि तुम्ही ती खरंच वापरली असेल तरच थोडंफार जमतं. कॅमेरा, शिलाई मशीन, फवारणीचा पंप. माझ्या विषयात विकायला काय, मोजणीची टेप? सोडून दिलं.

मराठी माणूस ऑनलाइन पैसे देऊन वाचतो का?

वाचनासाठी क्वचित, काम होण्यासाठी नक्की. एकोणपन्नास रुपयांच्या नमुन्याला कुणी घासाघीस करत नाही, कारण कार्यालयाच्या एका फुकट फेरीला त्याहून जास्त एसटीभाडं जातं. यूपीआयमुळे हे शक्य झालं. पूर्वी कार्ड नाही म्हणून परत जाणारा वाचक आता क्यूआर कोड स्कॅन करून पैसे देतो.

गोष्टी, कादंबरी लिहिणाऱ्यांचा मार्ग वेगळा आहे. प्रतिलिपी या गोष्टी लिहिण्या-वाचण्याच्या ॲपवर मराठी वाचकवर्ग मोठा आहे. ॲमेझॉनच्या किंडलवर मराठी ई-पुस्तक स्वतः काढता येतं. स्वामित्वधन ३५ किंवा ७० टक्के. भारतातल्या विक्रीवर ७० हवे असतील तर ते ई-पुस्तक दुसरीकडे कुठेही ठेवायचं नाही अशी अट आहे. म्हणजे तुमच्याच ब्लॉगवर ते विकता येत नाही. सही करण्याआधी याचा विचार करा.

एका कंपनीने फुकट वस्तू पाठवते म्हटलंय. लिहू का?

लिहा, पण "ही वस्तू कंपनीने दिली आहे" हे सुरुवातीलाच, मराठीत, ठळक लिहा. जाहिरात उद्योगाच्या स्वनियमन परिषदेचे नियम २०२१ पासून आहेत, ग्राहक व्यवहार विभागाची मार्गदर्शिका जानेवारी २०२३ ची आहे, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय वर्षभरात एका कंपनीकडून वीस हजारांहून जास्त किमतीच्या वस्तू मिळाल्या तर त्यावर दहा टक्के टीडीएस (देणाऱ्याकडूनच कापला जाणारा कर) लागतो. फुकटची कढई तशी फुकट नसते.

एआयकडून रोज दहा लेख लिहून घेतले तर?

मार्च २०२४ मध्ये गूगलने नियम स्पष्ट केला: क्रमवारीत चढण्यासाठी घाऊक भावाने पाडलेला, वाचकाला काही न देणारा मजकूर चालणार नाही, मग तो माणसाने लिहिलेला असो की यंत्राने. अशा साइट्स एका रात्रीत शोधातून दिसेनाशा झाल्या.

पण खरी झळ वेगळीकडून बसली आहे. ऑगस्ट २०२४ पासून भारतातही शोधाच्या पानावरच एआयचं तयार उत्तर येऊ लागलं. "डिजिटल सातबाऱ्याला किती पैसे लागतात?" याचं उत्तर पंधरा रुपये. हे तिथेच कळलं तर माझ्या पानावर कोण येणार? माझे असे छोटे लेख जवळपास मेले. जगले ते आडवळणाचे. फेरफाराची नोटीस निघाल्यावर पंधरा दिवसांत चुलत्याने हरकत घेतली, आता काय? मंडळ अधिकाऱ्याने निकाल विरुद्ध दिला तर प्रांताधिकाऱ्यांकडे अपील साठ दिवसांत करायचं, ते कसं? अशा ठिकाणी माणसाला माणूस लागतो, निदान अजून तरी. व्हॉट्सॲप चॅनेल आणि ईमेलची यादीही मी यासाठीच जमवते. ज्याचा पत्ता माझ्याकडे आहे तो वाचक माझा.

याची सवय असावी, कारण ज्यावर आपण उभे आहोत ती जमीन, म्हणजे गूगल-फेसबुकसारखी ठिकाणं, दुसऱ्याची आहे. २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली तेव्हा खेड्यापाड्यांतल्या कितीतरी जणांचं बस्तान एका संध्याकाळीत उठलं. फेसबुकने इन्स्टंट आर्टिकल्स (लेख फेसबुकातच उघडून दाखवण्याची सोय) एप्रिल २०२३ मध्ये गुंडाळलं. भारतातले पहिले व्यावसायिक ब्लॉगर म्हणून ज्यांचं नाव घेतात ते आग्र्याचे अमित अग्रवाल २००४ पासून लिहितायत, आणि तेही आज नुसत्या जाहिरातींवर नाहीत. गूगलच्या कार्यालयीन साधनांना जोडायची छोटी सॉफ्टवेअर बनवून विकतात. तेच वावर, नवं पीक.

कर भरावा लागतो का? रक्कम अगदी लहान आहे.

रक्कम लहान असली तरी विवरणपत्रात दाखवायची. हे पगारात बसत नाही, व्यवसायाच्या उत्पन्नात येतं. इंटरनेट, होस्टिंग, कॅमेरा यांचा खर्च वजा करता येतो, म्हणून पावत्या ठेवा. वर्षाचा कर दहा हजारांहून जास्त होणार असेल तर आगाऊ कराचे हप्ते असतात: १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च. एका वर्षी मार्चचा हप्ता विसरले आणि व्याज भरलं, आता भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लाल गोल आहेत.

जीएसटीची नोंदणी महाराष्ट्रात आणि गोव्यात सेवांसाठी वर्षाला वीस लाखांच्या उलाढालीनंतर लागते. परदेशी कंपनीकडून येणारा जाहिरातीचा पैसा ही सेवेची निर्यात धरली जाते आणि तिच्यावर शून्य दर असतो, पण त्याचे कागद वेगळे. तिथपर्यंत पोचलात तर सनदी लेखापालाला दोन पैसे द्या.

नोकरी कधी सोडू?

मी नोकरी करत चार वर्षं लिहिलं. सोडली तेव्हा तीन गोष्टी होत्या: वर्षभराचा घरखर्च बाजूला, कुटुंबाचा आरोग्यविमा स्वतःच्या नावावर, आणि सलग बारा महिने ब्लॉगचं उत्पन्न पगाराच्या निम्म्याहून वर. सलग हा शब्द महत्त्वाचा. दिवाळीचा महिना बघून निर्णय घेऊ नका, जून बघून घ्या. गृहकर्ज काढायचं असेल तर पगाराची स्लिप असतानाच काढा. बँकेला ब्लॉग म्हणजे काय हे समजावताना मी जे ऐकलं ते इथे लिहीत नाही.

"महिन्याला लाख कमवा" असा नऊ हजारांचा कोर्स आहे, घेऊ का?

शिकवणाऱ्याला विचारा, कोर्स सोडून तुमचं महिन्याचं उत्पन्न किती? उत्तर द्यायला वेळ लागला की ते नऊ हजार स्वतःकडेच ठेवा.

घरचे म्हणतात, दिवसभर मोबाइलवर बसते.

माझेही म्हणायचे. मग आईच्या मैत्रिणीची वारस नोंद माझ्या नमुन्याने झाली. त्यानंतर तक्रार बदलली: आता घरी आलेल्या प्रत्येकाच्या पिशवीत सातबारा असतो आणि चहा मलाच करावा लागतो.

ताई, तुमच्या विकतच्या नमुन्यात अजून "तलाठी" लिहिलंय. आता "ग्राम महसूल अधिकारी" म्हणतात ना?

हो, २०२४ पासून. एकवीस नमुने आणि साठेक लेख बदलायला मला दोन आठवडे लागले, त्या दोन आठवड्यांत नवा शब्दही लिहिला नाही. आधी पैसे भरलेल्यांना सुधारलेला नमुना ईमेलने गेला आहे. मिळाला नसेल तर ज्या पत्त्यावरून खरेदी केली होती त्यावरून दोन ओळी लिहा, रात्री नऊनंतर उत्तर देते.